ज्यूस नको, खिचडीच बरी
दिवाळीत वाढलेलं वजन उतरवायला तीन दिवस नुसता ज्यूस प्या, असा सल्ला एका लेखात वाचला, पण काही पटला नाही. भाऊबीजेनंतर माझा काटा २ किलो पुढे होता, पण त्यात चरबी थोडी, पाणीच जास्त. चिवड्या-शेवेतलं मीठ पाणी धरून ठेवतं, शिवाय शरीर जास्तीची साखर ग्लायकोजेन म्हणून साठवतं, आणि त्याच्या दर ग्रॅमसोबत साधारण ३ ग्रॅम पाणी असतं. आठवडाभर रात्री मुगाची खिचडी नाहीतर भाकरी-मेथी, दुपारी ताक. दीड किलो उतरलं.

खरा घोळ उरलेल्या फराळाचा! सासूबाई ‘टाकवत नाही गं’ म्हणत चहाबरोबर रोज दोन चकल्या पुढे करतात. शेवटी शंकरपाळे ऑफिसात नेले, अर्ध्या तासात डबा साफ. बेसनाचे लाडू मात्र घरीच ठेवलेत, तेवढं मन मोठं नाही माझं.