वस्तऱ्याची खाच आणि रक्ताची गोष्ट

इंदुरातील मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप गटांत सध्या जुन्या वस्तऱ्याचे एक छायाचित्र फिरते आहे. त्याखालच्या मजकुरात चार गोष्टी ठामपणे सांगितल्या आहेत. पात्याच्या टोकाशी असलेली अर्धगोल खाच शीर उघडून रक्त काढण्यासाठी होती. पाते आणि मागची शेपटी यांमधल्या दांडीच्या, म्हणजे मानेच्या, खालच्या बारीक रेघा रक्त ओघळून जावे म्हणून कोरल्या. पाठ जाड ठेवली ती केवळ वजनासाठी. आणि पाते दोन्ही बाजूंनी खोलगट केले ते पोलाद वाचावे म्हणून. रामबागेतल्या आमच्या घरी आजोबांचा, जर्मनीतल्या सोलिंगेनचा, असाच खाचेचा वस्तरा आहे आणि मी तो अधूनमधून वापरतो. म्हणून हे उत्तर.

न्हावी रक्त काढत असे, हे खरेच आहे. इंग्लंडमध्ये न्हावी आणि शस्त्रवैद्य यांचा १५४० पासून एकच संघ होता आणि १७४५ मध्ये ते वेगळे झाले. आपल्याकडेही ‘रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी’ ही म्हण उगाच रूढ झालेली नाही. परंतु दोन्हीकडे या कामाची हत्यारे निराळी होती. तिकडे शीर उघडण्यासाठी बारीक टोकाचे छोटे पाते वापरत, तर इकडे कातडीवर फासण्या, म्हणजे बारीक चिरा, टाकून त्यांवर रक्त ओढणारी तुंबडी लावत. शिवाय खाचेची जागा पाहावी. ती धारेवर नसून पाठीच्या टोकाशी, धार नसलेल्या भागात असते. तिने शीर सोडाच, पिकलेले केळेही कापले जाणार नाही. खाच असलेले वस्तरे बहुतेक एकोणिसाव्या शतकातले किंवा त्यानंतरचे आहेत, हेही या गोष्टीशी जुळत नाही. मिटलेले पाते उचलताना तिच्यात बोटाचे टोक टेकते, एवढा उपयोग मला दर वेळी दिसतो. बाकी निम्मी कारागिराची हौस, असे माझे मत आहे.

पाठीविषयीचे विधान सर्वांत अधिक दिशाभूल करणारे आहे, कारण वस्तऱ्याची सारी रचना त्या जाडीवर उभी आहे. चाकूला धार लावताना कोन हाताने सांभाळावा लागतो. वस्तरा मात्र निसण्यावर आडवा, सपाट ठेवतात, म्हणजे पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी दगडाला टेकतात आणि कोन पाठीच्या जाडीनेच ठरून जातो. आजोबांच्या वस्तऱ्याचे पाते सुमारे १६ मिलिमीटर रुंद आणि पाठ साडेचार मिलिमीटर जाड आहे. या मापांवरून धारेचा कोन १६ अंशांच्या आसपास निघतो. वर्षानुवर्षे निसून पाते अरुंद होत गेले, तरी पाठही त्याच दगडावर झिजत असल्यामुळे हा कोन फारसा ढळत नाही. चामड्याच्या पट्ट्यावर वस्तरा फिरवतानाही पाठ पुढे आणि धार मागे असते, आणि प्रत्येक फेरीच्या शेवटी तो पाठीवरूनच उलटवतात. धारेवरून उलटवला तर पट्टाही चिरतो आणि धारही जाते. हे सारे करणाऱ्या भागाला ‘वजन’ म्हणून मोकळे होणे म्हणजे घराच्या पायाला शोभा म्हणण्यासारखे आहे.

खोलगट पात्याने पोलाद वाचते, हा तर्क उलटा आहे. आधी ठोकून घडवलेले पाते नंतर फिरत्या दगडावर घासून खोलगट करतात, आणि घासून निघालेले पोलाद भुकटी होऊन वाया जाते. साध्य होते ते असे की धारेजवळचे पाते पातळ राहते आणि निसताना अगदी अरुंद पट्टीच झिजवावी लागते. इतके पातळ पाते दाबाखाली लवते. म्हणूनच अशा कित्येक वस्तऱ्यांत मानेजवळ एक उभा जाड उंचवटा ठेवलेला असतो. तो नक्षी नव्हे, पात्याला पीळ पडू नये म्हणून दिलेला आधार आहे, मात्र निसताना तो दगडावर चढला तर टाचेकडची, म्हणजे मानेकडच्या टोकाची, धार दगडावरून उचलली जाते, हे मी एकदा धार बिघडवून शिकलो.

मानेखालच्या रेघांबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. त्या पात्यावर नसून, साबणाने ओली झालेली बोटे जिथे टेकतात तिथेच आहेत. दाढी करताना हात मुठीला नव्हे, मानेला धरतो. मूठ हे मिटलेल्या पात्याचे घर.

राजवाड्याजवळच्या सलूनमधला उस्तरा (इंदुरात आपणही वस्तऱ्याला तेच म्हणू लागलो आहोत) बदलत्या ब्लेडचा असतो. ते ब्लेड कधी निसण्यावर जात नाही, त्यामुळे त्याला जाड पाठ नाही, खोलगट पाते नाही आणि खाचही नाही. मागची वळलेली शेपटी तेवढी जशीच्या तशी आहे, आणि नाभिकाची करंगळी आजही तिच्यावरच टेकलेली असते.