व्हेनोनाने मॅकार्थीला खरं ठरवलेलं नाही

एक मजकूर बरीच वर्षं इंग्रजीतून फिरत होता, आता तो मराठी गटांमध्येही येऊ लागला आहे. त्याचा सारांश असा: १९५०च्या दशकात अमेरिकी सरकारात कम्युनिस्ट घुसल्याचे आरोप करणाऱ्या सिनेटर जोसेफ मॅकार्थीला इतिहासाने विनाकारण बदनाम केलं, १९९५मध्ये अमेरिकेने 'व्हेनोना'ची, म्हणजे सोव्हिएत सांकेतिक तारा उलगडायच्या प्रकल्पाची, गुप्त कागदपत्रं खुली केली आणि त्याचे आरोप खरे निघाले, त्याच्यामुळे अणुबॉम्बची गुपितं वाचली, निर्दोष माणसाच्या केसालाही धक्का लागला नाही, आणि शेवटी डाव्या पत्रकारांनी त्याला संपवलं.

यात एक गोष्ट खरी आहे, ती आधीच मान्य करतो. अमेरिकेत सोव्हिएत हेर होते आणि ते थोडेथोडके नव्हते. अर्थखात्यात होते, परराष्ट्रखात्यात होते, अणुबॉम्ब बनवणाऱ्या खुद्द लॉस अ‍ॅलामॉसच्या प्रयोगशाळेतही होते. हे सगळं कुभांड आहे असं वर्षानुवर्षं सांगणाऱ्यांचं म्हणणं व्हेनोनाने मोडीत काढलं. पण गावात चोर होते म्हणून चोर-चोर ओरडत सुटलेल्या माणसाने ते पकडले असं होत नाही.

फेब्रुवारी १९४३मध्ये व्हर्जिनियातल्या आर्लिंग्टन हॉल इथे अमेरिकी लष्कराने सोव्हिएत वकिलातींच्या सांकेतिक तारा उलगडायचं काम हाती घेतलं, तेच व्हेनोना. या तारांसाठी एकदाच वापरून फेकून द्यायच्या आकड्यांच्या वह्या असत. नियम काटेकोर पाळला तर असा संकेत फुटत नाही. युद्धाच्या धांदलीत मॉस्कोने त्यातली काही पानं दोनदा छापली आणि तेवढ्याच फटीतून मेरेडिथ गार्डनरसारखे भाषातज्ज्ञ आत शिरले. डिसेंबर १९४६मध्ये गार्डनरने १९४४ची एक तार वाचली. तिच्यात अणुबॉम्बवर काम करणाऱ्या शास्त्रज्ञांची नावं होती. पुढे अशाच तारांवरून लॉस अ‍ॅलामॉसमधला हेर, भौतिकशास्त्रज्ञ क्लाउस फुक्सचा माग लागला.

आता तारखा पाहा. सोव्हिएत हेरांची निरोप्या एलिझाबेथ बेंटलीने एफबीआय या तपाससंस्थेकडे जाऊन आपलं हेरांचं जाळं उघड केलं ते १९४५मध्ये. हेरगिरीचा आरोप असलेला परराष्ट्रखात्याचा माजी अधिकारी अल्जर हिस खोट्या साक्षीबद्दल दोषी ठरला २१ जानेवारी १९५० रोजी. फुक्सला इंग्लंडमध्ये अटक झाली २ फेब्रुवारीला. मॅकार्थीने हे आरोप पहिल्यांदा गाजवले ते व्हीलिंग शहरातलं भाषण ९ फेब्रुवारीचं. व्हेनोना त्याला दाखवलेलंही नव्हतं.

मग त्याच्या हातात होतं काय? परराष्ट्रखात्यात २०५ कम्युनिस्ट आहेत, हा त्या भाषणातला आकडा आला १९४६च्या एका पत्रातून. खात्याने केलेल्या सुरक्षा-चाळणीत २८४ कर्मचाऱ्यांबद्दल प्रतिकूल शेरा आला होता, त्यातल्या ७९ जणांना काढलं होतं. उरले २०५. ते कम्युनिस्ट आहेत असं पत्रात म्हटलेलं नव्हतं आणि १९५०पर्यंत त्यातले कितीतरी खात्यात उरलेही नव्हते. पुढच्या काही दिवसांत आकडा ५७ झाला, २० फेब्रुवारीला सिनेटमध्ये ८१ झाला. जॉन अर्ल हेन्स हे व्हेनोनाचे जाणकार अभ्यासक आणि कट्टर कम्युनिस्टविरोधी. त्यांनी मॅकार्थीच्या वेगवेगळ्या याद्यांमधली १५९ नावं तपासली. सोव्हिएत हेरगिरीला मदत केल्याचा भक्कम पुरावा निघाला ९ जणांविरुद्ध. उरलेल्या दीडशे माणसांचं काय, हे तो मजकूर सांगत नाही.

अणुगुपितं वाचली, हा दावा तर सरळ चूक आहे. सोव्हिएत संघाने पहिला अणुस्फोट केला २९ ऑगस्ट १९४९ रोजी, म्हणजे व्हीलिंगच्या भाषणाआधी पाच महिन्यांहून जास्त. लॉस अ‍ॅलामॉसचा आणखी एक हेर, थिओडोर हॉल, व्हेनोनात सापडला होता. एफबीआयने त्याची चौकशी केली आणि सोडून दिलं, कारण त्या तारा कोर्टात दाखवायची सोय नव्हती. त्याच्यावर कधीच खटला चालला नाही. आणि ज्या व्हेनोनाची इतकी गुप्तता पाळली, ते मॉस्कोला विल्यम वाइजबँड या आर्लिंग्टन हॉलमधल्याच भाषातज्ज्ञाने आधीच कळवलेलं होतं. अमेरिकेच्या जनतेसमोर मात्र ते अधिकृतपणे आलं १९९५मध्ये.

निर्दोषांना काही झालं नाही, या वाक्याने मला सर्वांत जास्त चीड येते. चिनी रॉकेटशास्त्रज्ञ च्यान श्वेसेन यांचंच उदाहरण घ्या. कॅलिफोर्नियातल्या प्रख्यात रॉकेट प्रयोगशाळेच्या संस्थापकांपैकी एक. १९४५मध्ये अमेरिकी लष्कराच्या गणवेशात जर्मनीला जाऊन त्यांनी जर्मन रॉकेटतज्ज्ञ फॉन ब्राउनची जबानी घेतली होती. १९५०मध्ये, तीसच्या दशकातल्या काही मित्रांवरून, त्यांचा गोपनीय कामाचा परवाना काढून घेतला. ते चीनला परत जायला निघाले तेव्हा सामान जप्त झालं. त्यातले आकड्यांचे तक्ते सांकेतिक लिपी असावेत असा संशय आला. ते लॉगरिदमचे तक्ते होते. दोन आठवडे कोठडी, मग पाच वर्षं नजरकैद. हेर असल्याचा पुरावा काही मिळाला नाही. १९५५मध्ये त्यांना चीनला जाऊ दिलं आणि तिथे त्यांनी चीनचा क्षेपणास्त्र कार्यक्रम उभा केला. हे मॅकार्थीने स्वतः केलं नाही, हे खरं. पण त्याने जिला खतपाणी घातलं ती हवा हीच होती.

फोर्ट मॉनमथच्या लष्करी प्रयोगशाळेत मात्र त्याचा थेट हात होता. त्याच्या चौकशीच्या धामधुमीत ४२ जण निलंबित झाले. पुढे जवळजवळ सगळ्यांना परत घ्यावं लागलं. चीनचे जाणकार मुत्सद्दी जॉन सर्व्हिस यांना १९५१मध्ये काढलं. ती बडतर्फी बेकायदा होती, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९५७मध्ये दिला.

काही जण म्हणतात, लोक बॉम्बला घाबरले होते, संशय येणारच. भीती खरी होती. शाळेत मुलांना बाकाखाली लपायची कवायत करायला लावत. न्यूयॉर्कमध्ये मुलांच्या गळ्यात ओळखबिल्ले अडकवले होते. पण संशयाने ही भीती तसूभरही कमी झाली नाही. उलट बॉम्बबद्दल प्रश्न विचारणाराच संशयित ठरला. अणुचाचण्यांविरुद्ध बोलणारे रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग यांना १९५२मध्ये पासपोर्ट नाकारला. १ मार्च १९५४ रोजी पॅसिफिकमधल्या बिकिनी बेटावर अमेरिकेने १५ मेगाटनच्या हायड्रोजन बॉम्बचा स्फोट केला. त्यानंतर सहा आठवड्यांनी, हायड्रोजन बॉम्बची घाई नको असा सल्ला दिलेल्या, अणुबॉम्ब प्रकल्पाचे प्रमुख शास्त्रज्ञ ओपेनहायमर यांची निष्ठेबद्दल सुनावणी सुरू झाली. त्यांचा गोपनीय कामाचा परवाना गेला. तो निर्णय सरकारने रद्द केला डिसेंबर २०२२मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर ५५ वर्षांनी.

राहिले डावे पत्रकार. एडवर्ड मरो यांनी मार्च १९५४मध्ये टीव्हीवरून मॅकार्थीचा समाचार घेतला हे खरं. पण जून १९५०मध्येच सिनेटमध्ये त्याच्या पद्धतीचा निषेध करणाऱ्या मार्गारेट चेस स्मिथ त्याच्याच रिपब्लिकन पक्षाच्या. त्याच्याविरुद्धचा निषेधाचा ठराव आणणारे राल्फ फ्लँडर्स रिपब्लिकन. चौकशी समितीचे अध्यक्ष आर्थर वॉटकिन्स रिपब्लिकन. २ डिसेंबर १९५४ रोजी ठराव ६७ विरुद्ध २२ मतांनी मंजूर झाला. त्यात रिपब्लिकन मतं बरोबर निम्मी फुटली: २२ ठरावाच्या बाजूने, २२ विरोधात.