गाडी नेमकी कोणत्या देशाची?

वाद सुरू झाला तो व्होल्व्होवरून. कोणीतरी बोलता बोलता तिला स्वीडनची गाडी म्हटले आणि आमच्यातल्या सनदी लेखापालाने त्याला तिथल्या तिथे अडवले. फोर्डने २०१० साली व्होल्व्होचा मोटारींचा व्यवसाय चीनच्या जीली समूहाला विकला, आज बहुसंख्य भागभांडवल त्याच समूहाकडे आहे, तेव्हा गाडी चिनीच, असे त्याचे म्हणणे. "घर ज्याच्या नावावर, त्याचे ते घर. भाडेकरूने भिंती कितीही सजवल्या तरी मालक बदलत नाही." रोज ताळेबंद वाचणाऱ्या माणसाचे हे बोलणे उडवून लावण्यासारखे नव्हते. मला ते पटलेही नाही, आणि का पटले नाही हे नीट मांडायला हवे, कारण मालकी म्हणजेच राष्ट्रीयत्व हा समज वर्तमानपत्रांपासून सभागृहांपर्यंत सर्रास आढळतो.

त्याच्या नियमाची पहिली परीक्षा आमच्या वकील मैत्रिणीने घेतली. स्टेलांटिस ही कंपनी २०२१ मध्ये प्यूजोचा समूह आणि फियाट क्रायस्लर यांच्या विलीनीकरणातून उभी राहिली आणि तिची नोंदणी नेदरलँड्समध्ये आहे. "मग प्यूजो, फियाट, ओपेल आणि जीप या चारही गाड्या डच समजायच्या का?" नोंदणीचा पत्ता नव्हे, भागधारक पाहायचे, असे लेखापाल म्हणाला. सर्वांत मोठी भागधारक एक्सॉर ही आन्येली या इटालियन घराण्याची कंपनी आहे, पण तीसुद्धा नेदरलँड्समध्येच नोंदवलेली आहे. मालकीचा धागा पकडून मागे मागे जावे तर शेवटी एखाद्या देशाऐवजी एखादे कुटुंब, एखादा निवृत्तिवेतन निधी किंवा करसल्लागाराने सुचवलेला पत्ता हाती लागतो, हे मला या उदाहरणातून फार ठळकपणे जाणवते.

आयात-निर्यातीची कागदपत्रे हाताळणाऱ्या मित्राला हा सगळा खल निरर्थक वाटत होता. कस्टम्सला बोधचिन्हाशी कर्तव्य नसते, वस्तू कुठे तयार झाली एवढेच ते पाहतात, असे त्याचे साधे सूत्र. ऑक्टोबर २०२४ मध्ये युरोपीय संघाने चीनमध्ये बनलेल्या विजेवरच्या मोटारींवर जादा शुल्क लावले, तेव्हा ते चिनी कंपन्यांपुरते राहिले नाही. शांघायमध्ये बनलेल्या टेस्लावर ७.८ टक्के जादा शुल्क बसले आणि बीएमडब्ल्यूची चीनमध्ये तयार होणारी विजेवरची मिनीही त्यातून सुटली नाही. ब्रिटिश नावाची, जर्मन मालकीची गाडी त्या दिवशी कायद्याच्या दृष्टीने चिनी होती. हे ऐकून अभियंता मित्राने मिनीचेच दुसरे टोक दाखवले. ऑक्सफर्डच्या कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या मिनीचा सतरा अक्षरांचा चेसिस नंबर डब्ल्यूएमडब्ल्यू असा सुरू होतो, आणि त्यातला पहिला डब्ल्यू हा जर्मनीचा संकेत आहे. पहिली तीन अक्षरे उत्पादक कंपनीची ओळख सांगतात, कारखान्याची खूण अकराव्या अक्षरात असते. म्हणजे गाडीच्या अंगावर कोरलेल्या एकाच ओळीत दोन देश शेजारी शेजारी नांदतात.

जिथे जुळणी तिथले राष्ट्रीयत्व, हे सूत्र शुल्क आकारण्यापुरते ठीक आहे, त्यापलीकडे ते फारसे टिकत नाही. टोयोटाची कॅमरी १९८८ पासून अमेरिकेत केंटकी राज्यातल्या जॉर्जटाउनमध्ये तयार होते, तरी तिला अमेरिकी ब्रँड कोणी म्हणत नाही. अमेरिकेच्या १९९२ च्या कायद्याने तर प्रत्येक नव्या गाडीवर एक पत्रक लावणे बंधनकारक केले. त्यात अमेरिका-कॅनडातल्या सुट्या भागांची एकत्रित टक्केवारी, अंतिम जुळणीचे ठिकाण, आणि इंजिन व गिअरबॉक्स कोणत्या देशातून आले हे वेगवेगळे लिहावे लागते. ज्या कायद्याला ग्राहकापुढे नेमके उत्तर ठेवायचे होते, त्यालाही एका शब्दात ते देता आले नाही.

वकील मैत्रिणीने मग रोल्स-रॉइसची गोष्ट काढली, आणि मला ती या विषयातली सर्वांत बोलकी वाटते. १९९८ मध्ये फोक्सवॅगनने विकर्स कंपनीला ४३ कोटी पौंड मोजून रोल्स-रॉइस मोटारींचा इंग्लंडमधल्या क्रू या गावातला कारखाना घेतला. कारागीर आले, बेंटली आली, बॉनेटवरची पंख पसरलेली मूर्ती आणि समोरच्या जाळीचा विशिष्ट आकार यांचे हक्कही आले. पण ‘रोल्स-रॉइस’ हे नाव विमानांची इंजिने बनवणाऱ्या वेगळ्याच कंपनीच्या मालकीचे होते, आणि तिने ते ४ कोटी पौंडांना बीएमडब्ल्यूला वापरायला दिले. शेवटी तडजोड झाली. क्रू आणि बेंटली फोक्सवॅगनकडे राहिली, आणि २००३ पासून बीएमडब्ल्यूने गुडवुड इथे नवा कारखाना उभारून त्या नावाच्या गाड्या काढायला सुरुवात केली. नाव एकीकडे आणि ते नाव ज्यांनी मोठे केले ते हात दुसरीकडे, अशी सरळ फाळणी झाली. ‘ब्रँड विकत घेतला’ असे आपण सहज म्हणतो, पण त्यात नेमके काय विकले जाते, हा प्रश्न या व्यवहाराने उघडा पाडला.

माझे म्हणणे मी होल्डन या ऑस्ट्रेलियातल्या गाडीच्या उदाहरणावरून मांडले. १८५६ मध्ये ॲडलेडला खोगिरे बनवणारा हा व्यवसाय पुढे मोटारींकडे वळला आणि १९३१ मध्ये जनरल मोटर्सच्या ताब्यात गेला. म्हणजे १९४८ मध्ये पहिली होल्डन गाडी रस्त्यावर आली तेव्हा मालक अमेरिकी होता, आणि गाडीच्या मूळ आराखड्याची मुळेही जनरल मोटर्सच्या डेट्रॉइटमध्ये होती. तरी ऑस्ट्रेलियाने तिला आपली मानले, आणि ती पुढे खरोखरच त्यांची झाली. ती केवळ प्रेमाने झाली नाही. मेलबर्नमध्ये आराखडा विभाग उभा राहिला, स्वतःची चाचणी मैदाने तयार झाली, आणि हळूहळू तिथल्या अभियंत्यांना कोऱ्या कागदापासून गाडी घडवता येऊ लागली. ही क्षमता इतकी वाढली की २०१० च्या सुमारास परत आलेल्या शेव्हरोले कॅमारोचा, म्हणजे अमेरिकी मर्दुमकीचे प्रतीक मानल्या जाणाऱ्या गाडीचा, तांत्रिक पाया (ज्यावर अख्खी गाडी बेतली जाते तो सांगाडा) ऑस्ट्रेलियात होल्डनच्या अभियंत्यांनी विकसित केला होता, आणि जुळणी कॅनडात ओशावा इथे होत होती. ऑक्टोबर २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एलिझाबेथ या ठिकाणचा होल्डनचा कारखाना बंद पडला. त्यानंतर होल्डन कमोडोर या नावाने तिथे विकली गेलेली गाडी जर्मनीत रुसेल्सहाइमला बनणारी ओपेल इन्सिग्निया होती, आणि ओपेल तोवर फ्रेंच समूहाच्या हाती गेली होती. २०२० मध्ये जनरल मोटर्सने होल्डन हे नावच थांबवत असल्याचे जाहीर केले. त्या शेवटच्या वर्षांत नाव तेच होते, मालकही तोच होता, तरीही ती गाडी ऑस्ट्रेलियन राहिलेली नव्हती. मग एवढ्यात बदलले काय? गाडी घडवण्याची क्षमता आणि ती कशी असावी हे ठरवण्याचा अधिकार, या दोन गोष्टी तिथून गेल्या. माझ्या मते राष्ट्रीयत्व याच दोन गोष्टींच्या आसऱ्याने राहते.

"म्हणजे माझेच खरे ठरले," लेखापाल म्हणाला. "दिवा विझवला तो डेट्रॉइटने." मालकाला विझवता येते, हे मी नाकारत नाही. पण ओपेल १९२९ पासून २०१७ पर्यंत त्याच जनरल मोटर्सकडे होती, म्हणून ती अमेरिकी झाली नाही. आणि एकाच देशाच्या मालकीत गेलेल्या दोन ब्रँडांची तुलना केली की फरक आणखी स्पष्ट होतो. ब्रिटनच्या एमजी रोव्हरचे अवशेष २००५ मध्ये नानजिंगच्या कंपनीने घेतले आणि पुढे ते शांघायच्या सैक या कंपनीकडे गेले. इंग्लंडमधल्या लाँगब्रिजची जुळणी २०१६ मध्ये थांबली, आणि आज एमजीच्या गाड्या घडवण्याचा मुख्य भार शांघायमधल्या अभियंत्यांवर आहे. त्यामुळे एमजी चिनी गाडी आहे, आणि तसे म्हणण्यात तिची काही मानहानीही नाही. व्होल्व्होचे आराखडे, सुरक्षाविषयक संशोधन आणि संचालनाचे केंद्र मात्र स्वीडनमधल्या गोथेनबर्गमध्येच राहिले.

यावर अभियंता मित्राने मला बरोबर कोंडीत पकडले. लिंक अँड को या जीलीच्या चिनी ब्रँडची पहिली गाडी ज्या पायावर उभी आहे, तो गोथेनबर्गमध्येच विकसित झाला आणि व्होल्व्होच्या एक्ससी४० लाही तोच आहे. "मग लिंक अँड को स्वीडिश का नाही?" क्षमतेच्या बाजूने ती बऱ्याच अंशी स्वीडिश आहेच, हे मी मान्य केले. मात्र ती गाडी कोणासाठी, कशी आणि का काढायची हे जीलीने ठरवले, म्हणून दुसरी अट तिथे पूर्ण होत नाही.

आयात-निर्यातवाल्याने शेवटचा मुद्दा मांडला आणि तो जड होता. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या वाणिज्य खात्याने असा नियम केला की चीन किंवा रशियाच्या मालकीच्या अथवा नियंत्रणाखालच्या उत्पादकांना २०२७ च्या मॉडेलवर्षापासून इंटरनेटशी जोडलेल्या मोटारी तिथे विकता येऊ नयेत. गाडी अमेरिकेत बनली असली तरी सूट नाही. जीलीच्या छत्राखालची पोलस्टार ३ तर साउथ कॅरोलिनात तयार होते. इथे सरकारने कारखाना बाजूला ठेवून भागधारक पाहिले, आणि लेखापालाला मनापासून आनंद झाला. तरी मला वाटते की हा प्रश्न वेगळा आहे. संकटकाळी कोणते सरकार कंपनीला हुकूम देऊ शकेल, हे त्यात विचारले जाते, आणि त्याचे उत्तर मालकीतच शोधावे लागते.

व्होल्व्होबद्दल मला खरी काळजी वाटते ती भागभांडवलाची नाही. तिच्या मोठ्या ईएक्स९० या गाडीचा पाया व्होल्व्होचा स्वतःचा आहे. लहान ईएक्स३० मात्र जीलीच्या पायावर बेतलेली आहे, आणि सुरुवातीला ती चीनमध्येच तयार होत होती. पुढे तिची जुळणी बेल्जियममध्ये गेंटलाही सुरू झाली, पण पाया तोच राहिला. यापुढची एकेक गाडी त्याच वाटेने गेली, तर एकही समभाग न विकता व्होल्व्होचे एमजी होईल, आणि तेव्हा लेखापालाशी वाद घालायला माझ्यापाशी काही उरणार नाही.