दशांश आणि प्रभुभोजनाबाबत फिरणाऱ्या मेसेजचा खुलासा

सर्वांना जय ख्रिस्त. ‘दशांश न भरणाऱ्यांना येत्या रविवारपासून प्रभुभोजन मिळणार नाही, नावं वाचून दाखवणार’ असा मेसेज आपल्या नाशिकच्या मंडळीच्या (चर्चच्या) नावाने फिरतोय. दशांश म्हणजे उत्पन्नाचा देवाला द्यायचा दहावा भाग, आणि प्रभुभोजन म्हणजे उपासनेत येशूच्या आठवणीत घेतली जाणारी भाकर आणि द्राक्षरस. हा मेसेज खोटा आहे. मी पाळकसाहेबांना (मंडळीच्या धर्मगुरूंना) प्रत्यक्ष विचारलं, कमिटीचं ठरावबुकही पाहिलं. असा ठराव झालेलाच नाही. थैलीतलं अर्पण उपासनेनंतर आम्ही काही जण मिळून मोजतो. त्यात कुणी किती टाकलं हे कळत नाही, कळायची गरजही नाही.

द्यावं मात्र जरूर, आणि हात सैल सोडून द्यावं. प्रेषित पौलाने बायबलमधल्या करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात (२ करिंथ ९:७) स्पष्ट लिहिलंय: ज्याने त्याने मनात ठरवल्याप्रमाणे द्यावं, कुरकुरत किंवा भाग पडतं म्हणून नाही. मार्कच्या शुभवर्तमानाच्या १२व्या अध्यायातल्या गरीब विधवेने दोनच नाणी टाकली, तीच येशूने सर्वांत मोठी मानली. कापणीच्या सणाला आपल्याकडे द्राक्षांच्या पेटीशेजारी कोथिंबिरीची एखादी जुडीही ठेवलेली असते, दोन्हींवर एकच प्रार्थना होते.

या मेसेजमुळे हातावर पोट असलेली काही घरं उपासनेला यायलाच बिचकतायत, याचं फार वाईट वाटतं. त्यांना आवर्जून बोलवा. मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.