लिंबाची फोड आणि तीन कांदे

सायकलच्या शर्यतीची योजना आमच्या कप्तानांनी मिसळीच्या टेबलावर मांडली आणि तीत लिंबाची एकुलती एक फोड स्वतःसाठी राखून ठेवली, तेव्हाच मी सावध व्हायला हवे होते. उरलेल्या तिघांच्या वाट्याला कांद्याचे तुकडे आले. फरसाणाचा ढीग म्हणजे पसरणीचा घाट, रश्श्याची वाटी म्हणजे वाई आणि सांडलेल्या तर्रीचा ओघळ म्हणजे वाई ते सुरूर फाटा हा रस्ता, ज्यावरून आम्हाला दोनदा जाऊन-येऊन मग घाट चढायचा होता. कप्तान एकेक कांदा ओघळावरून सरकवत नेत आणि त्याचे काम संपले की तो उचलून तोंडात टाकत. पहिला कांदा म्हणजे आमच्या सोसायटीतले निवृत्त बँक अधिकारी, दुसरा म्हणजे दातांचे डॉक्टर. तिसऱ्याला कप्तानांनी फरसाणाच्या अर्ध्या चढापर्यंत लिंबापुढे चालवले आणि मग तोही खाल्ला. तो मी होतो.

सायकलच्या शर्यतीत डावपेच कशाला हवेत, जो जोरात पायडल मारील तो जिंकेल, असे मलाही चाळिशीपर्यंत वाटत असे. खरी गोष्ट उलटी आहे. सपाट रस्त्यावर ताशी तीस किलोमीटरच्या पुढे गेलेला सायकलस्वार मुख्यतः हवेशी झगडत असतो, आणि त्याच्या मागच्या चाकापासून हात-दीड हातावर आपले पुढचे चाक ठेवून जो चालतो, त्याला साधारण पाव ते एकतृतीयांश कष्ट कमी पडतात. मोठ्या घोळक्याच्या पोटात शिरलेल्याला तर त्याहूनही कमी. तेव्हा शहाण्याने शेवटची दोनशे मीटर उरेपर्यंत कुणाच्या तरी पाठीमागे दडून राहावे आणि मग एकदाच बाहेर पडावे, असे हे शास्त्र आहे. हॉटेलात बिल येण्याच्या सुमारास हात धुवायला उठणाऱ्या माणसाला ते उपजतच येते.

दडायचे तर पुढे कुणीतरी दमायला हवा. फ्रेंचांनी अशा माणसाला 'डोमेस्टिक', म्हणजे घरगडी, असे स्वच्छ नाव ठेवले आहे. टूर दी फ्रान्स या सायकल शर्यतीचे जनक आँरी देग्रांज यांनी १९११ साली मॉरिस ब्रोको नावाच्या स्वाराला, तो दुसऱ्यांची चाकरी करतो म्हणून, ही शिवी हासडली होती. ब्रोकोला ती इतकी झोंबली की त्याने पुढचाच टप्पा जिंकून दाखवला. मला मात्र कप्तानांनी तीच शिवी बढतीचे पत्र द्यावे तशा सुरात दिली. "अहो, हे मानाचं पद आहे," ते म्हणाले. व्यावसायिक संघांमागून मोटार धावत असते आणि घरगडी तिच्यापाशी जाऊन सगळ्यांसाठी पाणी आणतो. आमच्यामागे मोटार नसल्यामुळे ती मोटारही मीच झालो. कप्तानांनी सायकलचे वजन चाळीस ग्रॅमने घटवण्यासाठी बाटलीचा केज कार्बनचा बसवून घेतला होता, आणि त्यात बाटली ठेवली तर वजन पुन्हा वाढेल म्हणून कोकम सरबताच्या अर्ध्या-अर्ध्या लिटरच्या दोन बाटल्या माझ्या जर्सीच्या पाठीवरच्या खिशांत कोंबल्या. मधल्या खिशात राजगिऱ्याचे लाडू होते. तेही त्यांचेच.

डिसेंबरातल्या त्या रविवारी वाईत कृष्णेच्या काठावर धुके होते आणि सुटण्याच्या रेषेवर शंभरेक जण उभे होते. शिट्टी झाली आणि पहिल्या पाच मिनिटांतच एक गोष्ट स्पष्ट झाली, ती म्हणजे या शंभर जणांनीही आधी कुठे ना कुठे अशीच मिसळ खाल्लेली होती. पुढे राहायला कुणीच तयार नव्हते. जो चुकून पुढे येई, तो कोपर झटकून मागच्याला "आता तुम्ही या" अशी खूण करी. मागचा आपली चेन नीट फिरते आहे की नाही हे वाकून पाहण्यात गढून जाई. लग्नाच्या पंगतीतसुद्धा मी इतका आग्रह पाहिलेला नाही. वेग अठ्ठावीसवरून बावीसवर आला, बावीसवरून सोळावर आला, आणि रस्त्याकडेच्या जुन्या वडांखालून आम्ही शंभर जण लाखालाखाच्या सायकलींवर एखाद्या शोकसभेला निघाल्यासारखे चाललो होतो. इतक्यात डाव्या बाजूने एक शाळकरी मुलगी आली. तिच्या सायकलीला पुढे जाळीची टोपली होती, कॅरिअरला क्लासचे दप्तर होते आणि मडगार्ड दर फेऱ्याला एकदा टायरला घासत होते. घोळक्याच्या कडेला मी होतो, म्हणून तिने मलाच विचारले, "काय झालं काका, पंक्चर का?" मी नाही म्हणालो. ती पुढे निघून गेली, आणि सुमारे तीन मिनिटे ती त्या शर्यतीत पहिली होती.

या अपमानाचा परिणाम फक्त बँकवाल्यांवर झाला. योजनेप्रमाणे त्यांनी विसाव्या किलोमीटरला खोटा हल्ला चढवायचा होता: ते एकटेच सुसाट सुटणार, घाबरून बाकीचे संघ त्यांचा पाठलाग करून दमणार आणि लिंबाची फोड ताजीतवानी राहणार. ते सुटले तेही झोकात सुटले. पण पाठलाग कुणीही केला नाही. बासष्ट वर्षांच्या माणसाला पकडायला घाई कशाला, असा हिशेब बहुधा सगळ्यांनी केला असावा. पाहता पाहता ते दिसेनासे झाले, आणि सुरूर फाट्यावरच्या स्वयंसेवकाने "दोन मिनिटं पुढे आहेत आजोबा!" असे ओरडून सांगितले, तेव्हा कप्तानांचा चेहरा उतरला. आपल्याच संघाचा माणूस आघाडीवर असताना संघाने हातपाय आवरून बसायचे असते, हा या खेळातला सर्वांत सोपा नियम आहे. तो त्यांनीच मला शिकवला होता. पण लहानपणी मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट पहिला चढणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणतात हे ऐकल्यापासून त्यांच्या मनात जे राज्य वसले होते, त्यात बँकवाल्यांना जागा नव्हती. थोरामोठ्यांनाही हे सुटलेले नाही. १९८५ च्या टूरमध्ये अमेरिकेच्या ग्रेग लेमाँडने आपल्या संघातल्या बर्नार इनोला जिंकू दिले, पुढच्या वर्षी मी तुझ्यासाठी राबेन असे इनोने कबूल केले, आणि १९८६ साली तोच त्याच्यावर हल्ले चढवत सुटला. लेमाँड जिंकला, पण स्वतःच्याच संघाकडे पाठ फिरवून झोपायची त्याला भीती वाटली असल्यास नवल नाही.

"ओढा!" असा हुकूम आला. डॉक्टर आणि मी आळीपाळीने पुढे होऊन ओढू लागलो आणि आमच्या मागे उरलेला सगळा घोळका फुकटात, शीळ घालत, बँकवाल्यांपर्यंत येऊन पोहोचला. त्यांनी मान वळवली, आधी डॉक्टरांकडे आणि मग माझ्याकडे पाहिले. "मलाच पकडलंत?" एवढेच ते म्हणाले. त्यानंतर पुण्याला परत येईपर्यंत ते कुणाशीही बोलले नाहीत. डॉक्टर तिथेच संपले आणि वडाच्या एका पारावर बसले.

पसरणी हे शाहीर साबळ्यांचे गाव, पण ते ओलांडून घाटाला लागल्यावर पोवाडा तर सोडाच, तोंडातून साधा हुंकारही निघत नाही. वाईपासून पाचगणीपर्यंत पाच-सहाशे मीटरची चढण आहे. घाटात ताशी नऊच्या वेगाला हवा आडवी येत नाही, आडवे येते ते आपले वजन. त्यामुळे कुणाच्या मागे दडून काही वाचत नाही. हे मी कप्तानांना दुसऱ्या वळणावर धापा टाकत सांगितले. ते म्हणाले, "तरी तुम्ही पुढेच राहा. मानसिक आधार असतो." तरुण पोरे एकेक करून आम्हाला ओलांडून गेली, मग प्रौढ गेले, मग गुडघ्याला पट्टा बांधलेले एक गृहस्थ गेले. खाली धोम धरणाचे पाणी चमकत होते. कप्तानांनी दोनदा ते पाहण्यासाठी म्हणून थांबायची सूचना केली आणि एकदा आम्ही थांबलो. पहिली बाटली तिथे संपली. योजनेप्रमाणे अर्ध्या घाटात माझे काम संपायला हवे होते, परंतु मला खायला कप्तानांच्या अंगात ताकदच उरली नव्हती.

शेवटची दोनशे मीटर उरली आणि माझ्या मागे गिअर बदलल्याचा खट्‌ असा आवाज झाला. लिंबाची फोड बाहेर पडली होती. दीड तास माझ्या मागच्या चाकाला चिकटून राहिलेले कप्तान खोगिरावरून उठले, दात-ओठ खात माझ्या उजवीकडून निसटले आणि रेषेच्या अलीकडे दोन्ही हात हँडलवरून सोडून, छाती काढून, आभाळाकडे पाहत आत शिरले. ते त्रेसष्टावे आले. मी चौसष्टावा.

फुटपाथवर बसून त्यांनी पाणी मागितले, तेव्हा मी पाठीमागे हात घालून दुसरी बाटली काढली. ती गळ्यापर्यंत भरलेली होती. कप्तानांनी ती हातात तोलून पाहिली.

"अहो," ते म्हणाले, "एवढं वजन घाटावर कशाला घेऊन आलात?"