जुन्या ऑफिस पीसीतलं एएमटी: चालू करा नाहीतर बंद करा, अधांतरी ठेवू नका

हल्ली कोल्हापुरात कुठल्याही पतसंस्थेत जा, उद्यमनगरातल्या कारखान्याच्या हापिसात जा, नाहीतर शाहूपुरीतल्या सीएकडे जा, टेबलाखाली एकच चेहरा दिसतो. डेलचा काळा ऑप्टिप्लेक्स, कधी एचपीचा एलिटडेस्क. पुण्या-बेंगळुरूच्या मोठ्या कंपन्यांनी वापरून काढलेला माल. इंटेल प्रोसेसरच्या तिसऱ्या-चौथ्या पिढीची मशीनं आधीपासून येतच होती. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि विंडोज ११ तर अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीच्या खाली बघायलाच तयार नाही, त्यामुळं आता सहाव्या-सातव्या पिढीचीही रीघ लागलीय. मशीन दणकट, भाव परवडणारा. माझी काही तक्रार नाही. मी स्वतः गिऱ्हाइकांना हीच घ्या म्हणून सांगतो.

बोलायचंय ते या मशिनांच्या आत गप्प बसलेल्या एका गोष्टीबद्दल: एएमटी, म्हणजे मशीन लांबून हाताळायची इंटेलची सोय. ती चालू करायचं एक नवं खूळ सध्या आपल्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या लाइनीतल्या पोरांत शिरलंय. खूळ म्हटलं तरी मला ते आवडतं. फक्त ज्या पद्धतीनं चाललंय, ती बघून हा एवढा मोठा लेख लिहायला बसलोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. इंटेलच्या चिपसेटमध्ये मॅनेजमेंट इंजिन नावाचा एक वेगळा छोटा प्रोसेसर असतो. मेन प्रोसेसर झोपलेला असला, विंडोज मेलेलं असलं, हार्डडिस्क काढून बाजूला ठेवली असली, तरी हा जागा. बिझनेस मशिनांत याच्यावर एएमटी, म्हणजे ॲक्टिव्ह मॅनेजमेंट टेक्नॉलॉजी चालते. व्हीप्रो हे नाव २००६ पासून इंटेल ज्या पॅकेजला देतंय, त्याचा हा गाभा. बंद मशीन लांबून चालू करायचं, अडकलेलं रीसेट करायचं, बायोसमध्ये (विंडोजच्या आधी येणाऱ्या सेटिंगच्या पडद्यात) शिरायचं, आपल्याकडची आयएसओ फाइल (सीडीची नक्कल) तिकडच्या मशिनला सीडी म्हणून दाखवायची, हे सगळं त्यात होतं. आवृत्ती ६ पासून स्क्रीन, कीबोर्ड, माउससुद्धा. एनीडेस्कसारखं लांबून पडदा दाखवणारं सॉफ्टवेअर विंडोज उठल्यावर कामाला येतं. एएमटी विंडोज उठतच नाही तेव्हा कामाला येतं.

आपल्या जिल्ह्यात याची किंमत कुणाला कळेल? ज्याच्याकडं चंदगड, आजरा, गगनबावड्याच्या शाखा आहेत त्याला. सकाळी साडेदहाला फोन येतो, "सर, मशीन चालू हुईना, निळा पडदा आलाय, काउंटरवर माणसं हुबी हायत." चंदगड इथनं शंभर किलोमीटरच्या पुढं. तिथं जाऊन काय करायचं असतं? बायोसमध्ये एक सेटिंग नाहीतर स्टार्टअप रिपेअर. दहा मिनिटांचं काम आणि दिवस गेला. पावसाळ्यात तर विचारूच नका. पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून वर चढायला लागली की कुठला रस्ता कधी बंद होईल याचा भरवसा नाही. २०१९ ला शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू हायवेच बंद पडला होता, आपण सगळ्यांनी बघितलंय.

आता गोम अशी की या सेकंडहँड मशिनांतल्या बऱ्याच मशिनांत एएमटी असतं, पण दिसत नाही. डेल ऑप्टिप्लेक्स विकताना गिऱ्हाइकाला पर्याय द्यायचं: पूर्ण व्हीप्रो हवं, नुसती स्टँडर्ड मॅनेजेबिलिटी (एएमटीची कमी सोयींची आवृत्ती) हवी, की काहीच नको. ज्या कंपनीनं 'काहीच नको' सांगितलं, तिच्या मशिनांत फॅक्टरीतनंच ते बंद होऊन यायचं. चिपसेट तोच, लॅन चिप तीच, प्रोसेसर तोच. बायोस वगैरे जिच्यात साठवलेलं असतं त्या फ्लॅश चिपमधल्या मॅनेजमेंट इंजिनच्या भागात एक नोंद वेगळी. बायोसमध्ये कितीही हुडका, चालू करायचा पर्यायच सापडत नाही. मग पोरं ती फ्लॅश पुन्हा लिहितात.

यात चोरी आहे का, असं एका मित्रानं विचारलं. मला तरी वाटत नाही. मशीन तुमचं, बिल तुमच्या नावावर, चिपची किंमत पहिल्या मालकानं मोजलेली. उद्यमनगरात सेकंडहँड लेथ आली की पहिल्यांदा गिअरबॉक्स उघडून बघतात आणि आधीच्या मालकानं अडकवून ठेवलेला स्पीड मोकळा करतात, त्याची परवानगी कुणी मागत नाही. शिवाय मॅनेजमेंट इंजिनचा कोड इंटेलच्या सहीचाच लागतो. त्यात तुम्ही आपलं काही घुसडू शकत नाही. बदलते ती फक्त सेटिंग.

पण आधी मशीन त्या लायकीचं आहे का ते बघा की राव! ऑप्टिप्लेक्स ७०१० मध्ये क्यू७७ चिपसेट आहे, ९०२० मध्ये क्यू८७. यांच्यात होतं. ३०१० मध्ये एच६१ आणि ३०२० मध्ये एच८१. तिथं जन्मभर फ्लॅश मारत बसलात तरी एएमटी येणार नाही. प्रोसेसरही बघायचा. आय५-३४७० व्हीप्रोवाला आहे, आय३-३२२० नाही. आय३ वर चालू-बंद करता येईल, पण स्क्रीन दिसणार नाही. आणि कुणी वेगळं ग्राफिक्स कार्ड ठोकलं असेल तर आय५ वरही स्क्रीन विसरा, ती फक्त इंटेलच्या अंगच्या ग्राफिक्सवर चालते. मॉनिटर जोडलेला नसेल तरी बऱ्याचदा काळं ठिक्कर, मॉनिटर आहे असं भासवणारा डमी प्लग लावावा लागतो.

७०१० चंच उदाहरण घेऊ, कारण तेच सगळ्यांच्या हाताखाली आहे. बोर्डवर सर्व्हिस मोडचा जंपर असतो. त्याच्या दोन पिनांवर टोपी घातली की फ्लॅशवरचं कुलूप सुटतं आणि लिनक्सवरनं फ्लॅशरॉम या प्रोग्रामनं सगळी फ्लॅश वाचता येते. बोर्डवर दोन चिपा आहेत, ८ एमबी आणि ४ एमबी, मिळून १२ एमबीची फाइल निघते. ती दोनदा काढायची, दोन्हींचा चेकसम (फाइलचा ताळा) जुळवायचा, आणि मूळ प्रत पेनड्राइव्हवर टाकून त्यावर मशिनचा सर्व्हिस टॅग लिहून ठेवायचा. मग त्या फाइलमधला फक्त मॅनेजमेंट इंजिनचा भाग बदलायचा. तिथं त्याच पिढीचं पूर्ण ५ एमबीचं फर्मवेअर (चिपमधला प्रोग्राम) बसवायचं, १.५ एमबीचं नव्हे. 'मॅनेजेबिलिटी कायमची बंद' ही नोंद काढायची. लिहायचं, जंपर काढायचा, पॉवर कॉर्ड ओढून थोडा वेळ थांबायचं. पुढच्या बूटला एफ१२ च्या मेनूत एमईबीएक्स, म्हणजे एएमटीच्या सेटिंगचा पडदा, उगवतं.

जंपर असताना क्लिप आणि सीएच३४१ए प्रोग्रामर (चिप वाचायचं-लिहायचं उपकरण) घेऊन चिपला टोचत बसायची हौस कशाला, ते मला कळत नाही. तो काळा स्वस्तातला प्रोग्रामर चिपला ३.३ व्होल्ट देतो, पण डेटाच्या तारांवर ५ व्होल्ट सोडतो. चिप बहुतेक वेळा सोसते. एखाद्या वेळी सोसत नाही.

आता ज्यानं माझं डोकं फिरलं ते. एका ठिकाणी, नाव सांगत नाही, नव्यानं घेतलेल्या सेकंडहँड मशिनांचं नेटवर्क सारखं तुटत होतं. एक चालू केलं की दुसरं पडायचं. स्विच बदलून झाला, केबल बदलून झाल्या. मला बोलावलं तेव्हा कमांड प्रॉम्प्ट उघडून मॅक ॲड्रेस (नेटवर्कवर प्रत्येक मशिनचा वेगळा ओळख नंबर) बघितले, तर सगळ्यांचे एकच! कुणीतरी इंटरनेटवरनं चालू एएमटीचा डंप, म्हणजे दुसऱ्याच मशिनच्या फ्लॅशची पूर्ण नक्कल, उतरवला आणि जसाच्या तसा सगळ्या मशिनांत मारला. लॅनचा मॅक ॲड्रेस त्याच फ्लॅशमध्ये असतो भावांनो, वेगळ्या भागात. सर्व्हिस टॅगही त्याच फ्लॅशमध्ये. विंडोज ८ पासून पुढं लायसन्सची कीसुद्धा तिथंच. दुसऱ्याचा डंप मारला म्हणजे दुसऱ्याची ओळख आपल्या मशिनच्या कपाळावर चिकटवली. आणि मूळ प्रत कुणीच ठेवलेली नव्हती. दुसऱ्या एका मशिनचं मॅनेजमेंट इंजिन अर्धवट लिहिलं गेलं होतं, ते बरोबर अर्ध्या तासानं आपोआप बंद पडायचं. पॉवर सप्लाय गेला म्हणून तो बदलूनसुद्धा झाला होता. फर्मवेअर सापडलं नाही की चिपसेट ३० मिनिटांनी मशीन पाडतो, ही इंटेलची मुद्दाम केलेली सोय आहे. पॉवर सप्लायचा त्यात काही दोष नाही.

बरं, हे सगळं नीट केलं तरी माझा खरा मुद्दा पुढंच आहे.

एमईबीएक्सचा मूळ पासवर्ड सगळ्या जगाला माहीत आहे: ॲडमिन. जानेवारी २०१८ मध्ये एफ-सिक्युअर या सिक्युरिटी कंपनीच्या हॅरी सिंटोनननं दाखवून दिलं, की मशिनपुढं एखादं मिनिट बसायला मिळालं की मशीन चालू होताना कंट्रोल-पी दाबायचं, ॲडमिन टाकायचं, आपला पासवर्ड ठेवायचा, आणि मग त्याच नेटवर्कवरनं कधीही आत शिरायचं. बायोसला पासवर्ड आहे, डिस्कला बिटलॉकरचं कुलूप आहे, कशाचा उपयोग नाही. आता सांगा, तुमच्या हापिसातल्या किती मशिनांवर कुणी कंट्रोल-पी दाबून बघितलंय? कारण सगळीच मशीनं फॅक्टरीतनं बंद होऊन आलेली नसतात. कितीतरी मशिनांत एएमटी उघडंच आहे, कुणी हात लावला नाही एवढंच. काहींत तर आधीच्या कंपनीचा पासवर्ड आणि सेटिंग तसंच आहे.

त्याहून वाईट म्हणजे मे २०१७ चं भोक, सीव्हीई-२०१७-५६८९. पासवर्डच्या जागी रिकामं उत्तर पाठवलं तरी एएमटी दार उघडायचं! आवृत्ती ६ पासून ११.६ पर्यंत सगळ्यांना लागू, म्हणजे आपण जी मशीनं विकत घेतोय बरोबर तीच. दुरुस्ती आली, पण सेकंडहँड मशिनवर कोण अपडेट मारतो? ओळखायची खूण सोपी आहे. फर्मवेअरच्या आवृत्तीचा शेवटचा चार आकडी भाग बघा. तो ३ नं सुरू होत असेल तर हे भोक बुजवलेलं आहे. ८.१.७१.३६०८ असेल तर ठीक. शेवटी १ नं सुरू होणारा आकडा दिसला तर आधी अपडेट, मग बाकीचं बोलणं. आणि पोरांनो, तुम्ही जे 'क्लीन फर्मवेअर' म्हणून बसवता, त्याचा तरी हा आकडा बघता का? कष्ट करून बंद असलेलं दार उघडायचं आणि त्यात कडी नसलेली चौकट बसवायची, असं मी डोळ्यांनी बघितलंय.

विंडोजची फायरवॉल आहे, अँटिव्हायरस आहे, असं कुणी म्हणू नका. एएमटीच्या पोर्ट १६९९२ वर येणारं पॅकेट लॅन चिपपाशीच मॅनेजमेंट इंजिनकडं वळतं, विंडोजला त्याचा पत्ताही लागत नाही. आयपीसुद्धा दोघांचा एकच असू शकतो. म्हणून राउटरवर ते पोर्ट बाहेर फॉरवर्ड करणाऱ्याला माझ्याकडनं कोपरापासनं नमस्कार. शाखेत वायरगार्ड (व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटमधला खासगी बोगदा) चालणारा छोटा राउटर बसवा आणि त्या बोगद्यातनंच जा. नाहीतर मेशसेंट्रल हे लांबून मशीनं सांभाळायचं सॉफ्टवेअर स्वतःच्या सर्व्हरवर चढवा, मग शाखेतलं मशीन स्वतःच आतनं बाहेर कॉल करतं. आपल्याकडच्या फायबर कनेक्शनला बऱ्याचदा स्वतःचा पब्लिक आयपी नसतो, तिथं हाच मार्ग बरा.

ज्यांना हे काहीच नको, एकाच खोलीत चार मशीनं आहेत आणि माणूस समोर बसलेलाच आहे, त्यांनी फ्लॅशच्या वाटेला जाऊच नये. एमईबीएक्समध्ये जाऊन पासवर्ड बदला, एएमटी डिसेबल करा, विषय संपला. मी निम्म्याहून जास्त गिऱ्हाइकांना हेच सांगतो आणि त्याचे पैसे घेत नाही, त्यामुळं यात माझा धंदा शोधू नका.

जिथं चालू करतो तिथली सगळ्यात मोठी अडचण मात्र हॅकर नाही. शिपाईमामा आहेत. एएमटी मशीन बंद असतानाही चालतं ते पॉवर सप्लायच्या स्टँडबाय करंटवर. आणि आपल्याकडं संध्याकाळी हापीस बंद करताना बोर्डावरचं मेन बटण खाली करायची शिस्त आहे. लाइटबिल, शॉर्टसर्किट, उंदीर, कारणं सगळी खरी. मग सकाळी नऊला मी इथनं मशीन उठवायला जातो आणि पलीकडं मेलेला बोर्ड. एका शाखेत शेवटी मशीन आणि राउटरसाठी वेगळं सॉकेट ओढून घेतलं, बटणावर चिकटपट्टी लावली आणि लाल पेननं लिहिलं, 'बंद करू नये'. आठवडाभरात कुणीतरी चिकटपट्टी काढून बटण बंद केलं. आता तिथं बटणच नाही, वायर थेट जोडून घेतली आणि एमसीबी आत पेटीत आहे. बायोसमधलं डीप स्लीप कंट्रोलही बंद ठेवायला विसरू नका, नाहीतर वीज असूनसुद्धा लॅन झोपतं आणि तुम्ही उगाच शिपाईमामांवर डाफरता.

एक विनंती माल विकणाऱ्यांना. मशीन पुसून, रॅम टाकून, नवं विंडोज मारून देता, तसं एमईबीएक्समध्ये जाऊन अनप्रोव्हिजनही करून द्या, म्हणजे आधीच्या मालकाची एएमटीची सेटिंग पुसून टाका. दोन मिनिटं लागतात. आणि घेणाऱ्यांनो, दुकानात उभं असतानाच कंट्रोल-पी दाबा. पासवर्ड विचारला आणि ॲडमिन चालला नाही, तर आधीच्या मालकाचा पासवर्ड अजून आत बसलाय. तो घालवून मिळाल्याशिवाय पैसे मोजू नका.

ज्यांच्याकडं ७०१०, ९०२० किंवा त्याच काळातली एचपी-लेनोवोची मशीनं आहेत त्यांनी मॉडेल आणि फर्मवेअरचा शेवटचा चार आकडी भाग कमेंटमध्ये टाका, अपडेट हवा की नको ते सांगतो. पासवर्ड टाकू नका. गेल्या वेळी एकानं टाकला होता.