बुआसाँचं ‘नशीब’ आणि ३६१ हा आकडा

२०२५च्या फ्रेंच ओपननंतर एक मजकूर बराच फिरला. कधी रीलवर, कधी व्हॉट्सॲपवर. शब्द इकडेतिकडे झाले तरी गाभा तोच: ‘जागतिक क्रमवारीत ३६१वी, कुणी नावही न ऐकलेली फ्रेंच मुलगी यजमानांनी बहाल केलेल्या वाइल्ड कार्डवर आत शिरली, सोप्या ड्रॉमुळे थेट उपांत्य फेरीत पोचली, तिथे गॉफने धुलाई केली आणि मग गायब झाली. महिला टेनिसचा दर्जा किती घसरलाय बघा.’

ही मुलगी म्हणजे लोईस बुआसाँ. दिजोंची, जन्म मे २००३चा, वडील व्यावसायिक बास्केटबॉलपटू. वरच्या मजकुरातला आकडा खरा आहे, वाइल्ड कार्ड (क्रमवारी पुरेशी नसतानाही आयोजक देतात तो थेट प्रवेश) खरं आहे आणि अमेरिकेच्या कोको गॉफने केलेली धुलाईही खरी आहे. पण त्यातून काढलेले निष्कर्ष एकेक करून तपासले की हातात फारसं काही उरत नाही.

‘कुठून तरी उगवली’ इथून सुरुवात करू. मे २०२४मध्ये बुआसाँने सँ-मालोची डब्ल्यूटीए १२५, म्हणजे महिला टेनिसच्या मुख्य दौऱ्याच्या एक पायरी खालच्या दर्जाची स्पर्धा जिंकली. हा दर्जा म्हणजे काय हे मुंबईकराला वेगळं समजवायला नको. चर्चगेटजवळ सीसीआयच्या (क्रिकेट क्लब ऑफ इंडिया) कोर्टवर होणारी मुंबई ओपन याच पातळीची. २०१७मध्ये ती पुढे जगात अव्वल ठरलेल्या आर्यना सबालेंकाने जिंकली होती, तेव्हा तिचं नाव किती जणांनी ऐकलं होतं? सँ-मालोनंतर बुआसाँ १५२व्या क्रमांकावर गेली आणि रोलाँ गारोसचं, म्हणजे फ्रेंच ओपनचं, वाइल्ड कार्ड तिला मिळालं. हो, २०२४चंच. ती खेळू मात्र शकली नाही. स्पर्धेला आठवडाभर उरलेला असताना पॅरिसमध्येच एका सामन्यात तिच्या डाव्या गुडघ्यातला एसीएल हा बंध फाटला. शस्त्रक्रिया झाली, बाकीचं वर्ष गेलं, आणि कोर्टवर परतायला २०२५ उजाडलं.

आता ३६१ कडे येऊ. टेनिसची क्रमवारी म्हणजे ५२ आठवड्यांचं पासबुक: या काळात कमावलेले गुण तेवढे जमा, वर्ष झालं की ते आपोआप वजा. सँ-मालोच्या विजेतेपदाचे १२५ गुण २०२५च्या मेच्या सुरुवातीला, म्हणजे फ्रेंच ओपनच्या काही आठवडे आधी, खात्यातून गेले. मधले बहुतेक महिने ती खेळलीच नव्हती, तर नवे गुण फारसे येणार कुठून? म्हणजे ३६१ हा आकडा एका गुडघ्याचा होता. तिचा फोरहँड किती जड आहे किंवा मातीवर ती चेंडू किती उंच उसळवते, हे त्या आकड्यात कुठेच नव्हतं.

एप्रिल २०२५मध्ये रूआँच्या स्पर्धेत ती जगभर बातमीत आली, पण भलत्याच कारणाने. प्रतिस्पर्धी हॅरिएट डार्टने पंचांकडे तक्रार केली की बुआसाँच्या अंगाला वास येतो, तिला डिओडरंट लावायला सांगा. डार्टने नंतर माफी मागितली, बुआसाँने समाजमाध्यमावर थट्टेत विषय संपवला. त्या सामन्याचा निकाल बुआसाँच्या बाजूने ६-०, ६-३ असा होता. वासाची बातमी सगळीकडे गेली, स्कोअर कुणी वाचला नाही. वाचला असता तर महिन्याभराने इतकं आश्चर्य वाटलं नसतं.

वाइल्ड कार्डच्या मुद्द्यात अर्धं तथ्य आहे, ते मान्य करायला हवं. ग्रँड स्लॅम भरवणारे चारही देश आपल्या खेळाडूंना झुकतं माप देतात. रोलाँ गारोसमध्ये महिला एकेरीत आठ वाइल्ड कार्डं असतात, त्यातली एकेक अमेरिका आणि ऑस्ट्रेलियाशी अदलाबदलीत जाते, बाकी बहुतेक फ्रेंच. आपल्याकडे ग्रँड स्लॅम होत नाही, त्यामुळे भारतीय मुलीला घरच्या मैदानावरचा हा दरवाजा कधीच उघडत नाही. ही व्यवस्था अन्यायाची आहे असं कुणी म्हटलं तर मी वाद घालणार नाही. पण मजकुराचा दावा तो नाही. त्याचा दावा असा, की वाइल्ड कार्डवाली पुढे गेली म्हणजे काहीतरी गडबड आहे.

मग याआधी वाइल्ड कार्डवर कोण कोण दूर गेलं ते बघू. २००१मध्ये गोरान इवानिसेविच विम्बल्डन जिंकला तेव्हा तो १२५वा होता, खांद्याच्या दुखण्याने घसरलेला. त्याआधी तीन वेळा त्याच स्पर्धेचा उपविजेता. २००८मध्ये झेंग जिए १३३व्या क्रमांकावरून विम्बल्डनच्या उपांत्य फेरीत गेली, वाटेत अव्वल मानांकित आना इवानोविचला हरवून. तिने घोट्याच्या दुखापतीत आधीच्या वर्षाचा मोठा भाग गमावला होता. २००९मध्ये किम क्लायस्टर्स मुलीच्या जन्मानंतर परतली आणि अमेरिकन ओपन घेऊन गेली. पुढच्याच जानेवारीत जस्टिन हेनिन निवृत्तीतून परतून ऑस्ट्रेलियन ओपनच्या अंतिम फेरीत. २०११मध्ये सबिने लिसिकी विम्बल्डनच्या उपांत्य फेरीत, पुन्हा घोट्याच्या दुखापतीनंतर. २०२३मध्ये तिथेच एलिना स्वितोलिना, बाळंतपणानंतर, इगा श्वियाँतेकला हरवून.

यादी नजरेखालून घातली की एक गोष्ट लपत नाही. वाइल्ड कार्डवर दूर जाणारे हे खेळाडू उपरे नव्हते. दुखापत, निवृत्ती किंवा बाळंतपण यांनी पासबुक रिकामं केलेली, पण हातातला खेळ शाबूत असलेली ही माणसं. त्यांचा क्रमांक त्यांच्या कुवतीपेक्षा खोटा खाली होता. वाइल्ड कार्डाचा सगळ्यात योग्य उपयोग जर कुठला असेल तर हाच. बुआसाँ या यादीत चपखल बसते, फरक इतकाच की बाकीच्यांनी मोठ्या स्पर्धा आधी खेळलेल्या होत्या आणि हिचा ग्रँड स्लॅमच्या मुख्य फेरीतला तो पहिलाच प्रवेश होता. रोलाँ गारोसच्या महिला एकेरीत वाइल्ड कार्डवर उपांत्य फेरी गाठणारी ती पहिली.

‘सोपा ड्रॉ’, म्हणजे वाटेत सोपे प्रतिस्पर्धी आले, हा मुद्दा मला सगळ्यात अनाकलनीय वाटतो. पहिल्या फेरीत चोविसावी मानांकित एलिस मेर्टेन्स. मग अन्हेलिना कालिनिना. तिसऱ्या फेरीत मायदेशीचीच एल्सा जाकमो, आणि तो सामना ६-३, ०-६, ७-५ असा गेला. तिथे हरली असती तर हा लेखही झाला नसता. चौथ्या फेरीत तिसरी मानांकित जेसिका पेगुला, आदल्याच वर्षीची अमेरिकन ओपन उपविजेती. पहिला सेट बुआसाँने ३-६ गमावला, पुढचे दोन ६-४, ६-४ घेतले. उपांत्यपूर्व फेरीत सहावी मानांकित मिरा आंद्रीवा, जिने त्याच वर्षी दुबई आणि इंडियन वेल्स अशा दोन मोठ्या स्पर्धा जिंकल्या होत्या. सोपा ड्रॉ म्हणतात तो हा!

आंद्रीवाच्या सामन्यात प्रेक्षकांचा वाटा होता का? होता, नाकारण्यात अर्थ नाही. फिलिप शात्रिए हे रोलाँ गारोसचं मुख्य कोर्ट छप्पर बंद असताना अक्षरशः घुमतं आणि त्या दिवशी ते एकाच नावाने घुमत होतं. अठरा वर्षांच्या आंद्रीवाचा तोल सुटला, चेंडू प्रेक्षकांत मारल्याबद्दल तिला ताकीद मिळाली. पण दुसऱ्या सेटमध्ये आंद्रीवा ३-० अशी पुढे होती, आणि तिथून बुआसाँने सलग सहा गेम जिंकले. गॅलरीतून आरडाओरडा होतो, सर्व्हिस ब्रेक करावी लागते कोर्टवरच. शिवाय प्रेक्षक फ्रेंच खेळाडूला जिंकून देत असतील, तर २०११मध्ये मारिओं बार्तोली उपांत्य फेरीत गेल्यानंतर तब्बल चौदा वर्षं एकही फ्रेंच महिला तिथवर का गेली नाही? घरच्या प्रेक्षकांसमोर फ्रेंच खेळाडू दडपणाखाली मोडतात, अशीच तर इतकी वर्षं ओरड होती.

उपांत्य फेरीत कोको गॉफने तिला ६-१, ६-२ असं हरवलं. एकतर्फी सामना, सबब नाही. गॉफने दोन दिवसांनी अंतिम फेरीत सबालेंकालाही हरवलं, एवढं नोंदवून पुढे जाऊ.

‘मग गायब झाली’ हे म्हणणाऱ्यांच्या डोळ्यासमोर विम्बल्डन असतं. तिथे बुआसाँ क्वालिफाइंगच्या, म्हणजे मुख्य फेरीआधीच्या पात्रता फेरीच्या, पहिल्याच सामन्यात कार्सन ब्रॅन्स्टाइनकडून तीन सेटमध्ये हरली. आता यातलं गणित बघा. पॅरिसच्या ७८० गुणांमुळे ती ६५व्या क्रमांकावर आली, फ्रान्समध्ये पहिली झाली, आणि या क्रमांकावर विम्बल्डनच्या मुख्य फेरीत थेट जागा मिळते. पण प्रवेशिकांची यादी काही आठवडे आधीच्या क्रमवारीवर ठरलेली असते. विम्बल्डन भरवणाऱ्या ऑल इंग्लंड क्लबने मुख्य फेरीचं वाइल्ड कार्ड दिलं नाही. तो त्यांचा अधिकार, आणि खरं सांगायचं तर गवतावर तिने काहीच दाखवलेलं नसताना तो निर्णय चुकीचाही नव्हता. मातीवर वाढलेली, टॉपस्पिनवर जगणारी खेळाडू गवतावर अडखळली, यात धक्का बसण्यासारखं काय आहे?

जुलैमध्ये ती मातीवर परतली आणि हॅम्बुर्गची डब्ल्यूटीए २५०, म्हणजे मुख्य दौऱ्यातली, स्पर्धा जिंकली, अंतिम फेरीत ॲना बोंडारला ७-५, ६-३ असं हरवून. हे तिचं या स्तरावरचं पहिलं विजेतेपद. क्रमांक ४४. या बातमीवर रील निघालं नाही, कारण ‘चमत्कारानंतर ती गायब’ या कथेत ती बसत नव्हती. मग अमेरिकन ओपनला पहिल्या फेरीत हार, बीजिंगला दुखापतीने सामना अर्ध्यात सोडला. तरीही वर्ष संपलं तेव्हा ती पहिल्या चाळिसात होती. हार्डकोर्टवर ती मातीइतकी धोकादायक आहे असं अजून कुणी म्हणू शकत नाही, आणि शरीर साथ देईल का ही शंका मलाही आहे. पण या शंका तरुण खेळाडूबद्दलच्या नेहमीच्या शंका आहेत. ‘गायब’ हा शब्द त्यांना लागू होत नाही.

राहिला महिला टेनिसचा दर्जा. २०२१च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये अस्लन करात्सेव नावाचा ११४व्या क्रमांकाचा सत्तावीस वर्षांचा रशियन क्वालिफाइंग खेळून आला. ग्रँड स्लॅमच्या मुख्य फेरीत पहिल्यांदाच. त्याने आठव्या मानांकित श्वार्ट्झमनला सरळ सेटमध्ये काढलं, दिमित्रोवला काढलं, उपांत्य फेरीत गेला आणि तिथे जोकोविचकडून तीन सेटमध्ये हरला. क्रमवारीतला तळ, पदार्पण, मानांकितांवर विजय, उपांत्य फेरीत भावी विजेत्याकडून पराभव: सगळं तेच. त्यावर ‘बघा, पुरुष टेनिसचा दर्जा किती घसरलाय’ असा मेसेज मला तरी कुणी पाठवला नाही.